दोन बोटं जास्त

पाणी घातलं की ते आधी वरच थांबायचं,
विचार केल्यासारखं.
मग एकदम कडेने उतरून
बुडाच्या भोकातून गच्चीवर.
मातीला ते भेटतच नव्हतं.

मला वाटलं, भुसावळचं ऊन.
मे महिन्यात इथं कशालाही कारण म्हणून ऊन चालतं:
तडकलेला पाईप, आंबट झालेलं वरण,
सकाळी दहालाच मान टाकणारी पानं.
मी दोनदा पाणी घालू लागले. मग तीनदा.
अंजिरं बोराएवढी होऊन गळत राहिली.
पानांवर दीपनगरची राख बसे,
ती ओल्या फडक्याने पुसायचे,
जणू चूक पानांची होती.

वारकेकाकूंनी एकदा कुंडी नुसती तिरपी केली.
खाली, भोकातून, बोटभर मुळ्या
गच्चीच्या भेगेत शिरलेल्या.
"हे पाय," त्या म्हणाल्या, "मुया घर सोडून चालल्या
अन् तू पानं पुसत बसली."

मी लगेच खुरपं शोधायला उठले.
आत्ता नाही. आत्ता झाड जागं आहे.
यावलकडून गार वारा सुटू दे,
बाजारात भरताची वांगी येऊ देत,
पानं गळून नुसत्या काड्या राहू देत.
संक्रांत गेली, की डोळे फुगायच्या आधी
ते आठ-पंधरा दिवस.
झोपलेल्यालाच उचलून
दुसऱ्या अंथरुणावर ठेवता येतं.

आठ महिने होते हातात.
मी कूलरची जुनी टाकी धुऊन ठेवली,
गंजलेली, पण ऐसपैस.
हिंगोण्याहून दोन पोती काळी माती मागवली, अभिमानाने.
काकूंनी दोन्हींकडे पाहून मान हलवली.
कुंडी दोन बोटं जास्त. चारी बाजूंनी दोन बोटं, बस.
उरलेल्या मातीत ओल साचते, ओलीत पाय कुजतात.
आणि काळी शेतात सोनं, कुंडीत सिमेंट.
तापीची रेती घे, पानांचं खत, विटेचा चुरा,
काळी मूठभर,
ओळख राहावी म्हणून.

जानेवारीचा शेवटचा रविवार.
कुंडी आडवी केली. तळहाताने थोपटली, मग लाटण्याने.
निघेना.
कडेने खुरपं फिरवलं
आणि निघाला गोळा, कुंडीच्याच आकाराचा,
माती जवळजवळ नाहीच,
मुळ्या, गोल गोल गोल,
सहा वर्षांच्या प्रदक्षिणा.

उभ्या चार चिरा. बाहेरचं जाळं कापून काढायचं,
उरलेलं बोटांनी सैल करायचं, वेणी सोडावी तसं.
चीक मनगटाला लागला, तिथं दोन दिवस खाज.
आणि मधोमध
सुरीला काहीतरी टणक लागलं.

चहाचा प्लॅस्टिकचा पेला.
हमीदाबींनी त्यात फांदी रुजवून दिली होती,
नवऱ्याची इटारसीला बदली झाली त्या संध्याकाळी,
सामानाच्या टेम्पोतून हात बाहेर काढून.
"पेला काढून लाव हां," म्हणाल्या होत्या.
इंजिन चालू होतं.
मी फक्त "लाव" ऐकलं.

म्हणजे झाड दोन कुंड्यांत होतं
आणि मला एकच दिसत होती.
पेल्याला तीन जागी फोडून
मुळ्या बाहेर आलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड.

कात्रीने कापून काढला, तुकडा तुकडा.
खोड होतं तेवढ्याच खोलीवर ठेवलं,
काकूंनी बोटाने मोजून.
पाणी घातलं.
या वेळी ते आत गेलं, सावकाश,
आणि बराच वेळ बुडातून काही आलं नाही.

आठवडाभर पाण्याच्या टाकीच्या सावलीत. मग ऊन, थोडं थोडं.
फेब्रुवारीची दहा गेली तरी काड्याच.
मी रोज नखाने साल खरवडून बघते.
आत हिरवं आहे.
काकू म्हणतात, आता खरवडू नको,
तीन वर्षांनी पुन्हा काढ. सहा नाही, तीन.

कूलरची टाकी रिकामीच होती.
दोन पोती काळी तिच्यात ओतून मी मेथी पेरलीय.
काकूंनी अजून पाहिलेली नाही.